दुसरा आकडा

बॉयलरमामाचं आजवर कुणाशी पटलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या वकिलाशी नाही, पोस्टमनशी नाही, जिन्यातल्या दिव्याशीसुद्धा नाही. दिवा लुकलुकला की त्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय मामा पुढची पायरी चढत नसे. असल्या माणसाला शहाणा दुकानदार गिऱ्हाइकांच्या वाऱ्यालाही उभा करत नाही. पण त्याच्या भाचीनं त्याला आपल्या दुकानात अगदी मधोमध खुर्ची टाकून बसवलं होतं. प्रेमापोटी नव्हे. तिला त्याची चिठ्ठी हवी होती.

भाचीचं दुकान गेमिंगचे कॉम्प्युटर जुळवून देण्याचं. त्यातही तिची ख्याती ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कंपनीनं नेमून दिलेल्या वेगाहून जोरात पळवण्याची. जोरात पळवलं की तापतं. तापलं की पंखे बोंबलायला लागतात. पंख्यांनीही भागलं नाही की यंत्र आपला जीव वाचवायला वेग कमी करतं, आणि तेवढ्यानंही निभावलं नाही तर सरळ बंद पडतं. खेळणाऱ्यानं नेम धरलेला असतो आणि समोर काळा पडदा. तेव्हा पळवणं काय, कुणीही उपटसुंभ करील. पळवून थंड ठेवणं हे खरं काम, आणि ते झालंय की नाही हे सांगायला दुकानात एक निष्ठुर माणूस लागतो.

मामा निष्ठुर होता. एका मोठ्या लॉन्ड्रीत बावीस वर्षं त्यानं बॉयलर सांभाळला होता. इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जात. दर अर्ध्या तासाला काटा वाचायचा, वहीत लिहायचा, सही करायची. बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. मग लॉन्ड्रीनं विजेची यंत्रं आणली, बॉयलर भंगारात गेला आणि मामा घरी आला. महिन्याभरात मामीनं हात टेकले. तिनं भाचीला फोन केला. "ह्यांना काहीतरी मोजायला दे गं बाई. सध्या माझ्या भाताचं पाणी मोजतायत. आता एक तर हे या घरात राहतील, नाही तर मी."

मोजायला मिळालं आणि मामा पुन्हा माणसात आला. म्हणजे पुन्हा सगळ्यांवर खेकसू लागला. त्याची रीत ठरलेली. कॅबिनेटचं काचेचं दार बंद करायचं, प्रोसेसर आणि कार्ड दोघांवर एकदमच पूर्ण भार टाकायचा, आणि एक तास हलायचं नाही. दर दहा मिनिटांनी प्रोसेसरचा एक आकडा, कार्डाचा एक आकडा, आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या स्वतःच्या थर्मामीटरवरून खोलीचा एक. तास भरला की शाईच्या पेनानं सही, आणि चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. इतर दुकानांत दार उघडं ठेवून तपासतात, आकडे गोजिरवाणे येतात. मामा म्हणायचा, "म्हणजे आजाऱ्याला खिडकीतून बाहेर लोंबकळवायचं आणि म्हणायचं, बघा, ताप उतरला."

प्रोसेसर पंचाऐंशीच्या वर गेला की कॅबिनेट भाचीच्या टेबलावर आदळायचं. "हे गिऱ्हाइकाला द्यायचंय की चुलीत घालायचंय? व्होल्टेज उतरव."

"उतरवलं तर वेग टिकत नाही, मामा."

"मग वेग उतरव. तुला कुणी आमंत्रण दिलं होतं चढवायचं?"

भाची चडफडत व्होल्टेज एकेक पायरी खाली आणायची, पंख्यांची दिशा बदलायची, आणि तिसऱ्या खेपेला यंत्र एकोणऐंशीवर गप्प बसायचं. ती कधी आभार मानत नसे. मामाची भाची ती. नाकावरचा राग तिला वारशातच मिळालेला. पण गावभर गेमिंगवाले "मामाची चिठ्ठी आहे का?" असं विचारून यंत्र घ्यायला लागले, आणि हे तिला कळत होतं.

पहिल्याच आठवड्यात दोघांचं एकदा जुंपलं होतं. नव्या कार्डाच्या चिपवर कंपनीनं लावलेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून चांगली पेस्ट भरायची आणि थंडावा देणारी पट्टी पुन्हा चार स्क्रूंनी आवळायची, हे भाचीचं खास काम. मामानं त्यात बोट घालायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "स्क्रूला हात लावायचा नाही, मामा. हे बॉयलरवाल्याच्या हातातलं काम नाही." झालं. मामानं आपली खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि तिच्या टेबलाकडे पाठ करून बसला. तेव्हापासून ती आवळायची पाठीमागे आणि हा मोजायचा पुढे. तीन वर्षं एका खोलीत दोघं पाठीला पाठ लावून बसली.

आता दुसऱ्या आकड्याचं. नवी ग्राफिक्स कार्डं स्वतःच्या तापमानाचे दोन आकडे दाखवतात. एक साधा, कार्डाचा. दुसरा हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपवर जी जागा सगळ्यात जास्त तापलेली असेल तिचा. दुसरा नेहमी वरचढ असतो; दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो, त्याहून जास्त झाला तर काहीतरी बिनसलेलं असतं. भाची सहा महिने मामाच्या मागे लागली होती, चिठ्ठीवर दोन्ही लिहा म्हणून. मामा ढिम्म.

"एका वस्तूला एकच ताप असतो," तो म्हणायचा. "दोन आकडे दिले की माणूस सोयीचा तेवढा वाचतो."

ही झाली सांगायची गोष्ट. खरी गोष्ट मामीला तेवढी ठाऊक होती. लॉन्ड्रीच्या बॉयलरला दोन काटे होते. एका सकाळी एक काटा हिरव्यात आणि दुसरा तांबड्यात गेला. मामानं तांबड्यावर विश्वास ठेवून बॉयलर विझवला. काम ठप्प झालं, तीन इस्पितळांच्या चादरी ओल्या पडून राहिल्या, आणि तपासणीत निघालं की तांबड्यातला काटाच बिघडलेला होता. मॅनेजरनं सगळ्या कामगारांना गोळा केलं आणि सगळ्यांदेखत मामाला म्हणाला, "भित्र्या माणसाला आग सांभाळायला दिली ही माझी चूक." चाळीस माणसं हसली. मामानं त्याच दिवशी दुसऱ्या काट्यावर कागद चिकटवला आणि नोकरी संपेपर्यंत तो काढला नाही. बरोबर वागून तोंडघशी पडलेला माणूस चुकून पडलेल्यापेक्षा जास्त हट्टी होतो, आणि मामा तर आधीच हट्टी होता.

तर भाचीनं पुन्हा एकदा दुसऱ्या आकड्याचा विषय काढला तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मामा खुर्चीतून ताडकन उठला. "तीन वर्षं झाली. माझी एक चिठ्ठी खोटी ठरवून दाखव. ज्या दिवशी ठरेल त्या दिवसापासून या खुर्चीवर बसणार नाही. ऐकलंत ना तुम्ही पण?"

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कुणाला?

त्यानंतर बारा यंत्रांची ऑर्डर आली. एका बाईंचा गेमिंग क्लब होता. तिथे सामने व्हायचे, लोक बघायला यायचे, आणि बाईंना सगळी यंत्रं एकसारखी, पळवलेली आणि मामाच्या चिठ्ठीची हवी होती. मुदत आठ दिवसांची. भाची दिवसाला दोन-दोन, तीन-तीन कार्डं उघडून पेस्ट भरत होती, मागे न बघता मामाकडे सरकवत होती. मामा मागे न बघता घेत होता. बाराही चिठ्ठ्यांवर कार्डाचा आकडा सदुसष्ट ते एकोणसत्तर. सुंदर. मामानं त्या दिवशी जिन्यातल्या दिव्यालासुद्धा काही म्हटलं नाही.

तीन महिन्यांनी, सोमवारी सकाळी, क्लबवाल्या बाई एक कॅबिनेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून जिना चढून आल्या. धापा टाकत होत्या, त्यामुळे राग बाहेर पडायला थोडा वेळ लागला. कॅबिनेट टेबलावर ठेवून त्यांनी दार उघडलं, आतली चिठ्ठी टर्रकन ओढून काढली आणि मामापुढे आपटली.

"काल दुपारी अंतिम सामना होता माझ्याकडे. माणसांनी खोली भरलेली. दहाव्या मिनिटाला सहा-सात यंत्रांचे पंखे किंचाळायला लागले, खेळ अडकत अडकत चालायला लागला, आणि दोन पडदे सरळ काळे. अख्ख्या खोलीनं हुर्यो उडवली माझी. आणि ही तुमची चिठ्ठी! अडुसष्ट! कसले अडुसष्ट?"

"तुमची खोली कोंदट असेल," मामा म्हणाला.

"खोली? अहो, बाराही यंत्रं तुमच्या चिठ्ठीच्या भरवशावर घेतली मी, आणि वर माझी खोली काढता?"

"ओरडू नका. मोजून बघू." मामाच्या आवाजात जवळजवळ आनंद होता. मोजण्यात त्याला कुणी हरवलेलं नव्हतं.

दार बंद झालं. भार टाकला गेला. तिघंही बसून राहिली. दहा मिनिटांनी सदुसष्ट. वीस मिनिटांनी अडुसष्ट. तास भरला तरी अडुसष्टच. मामानं पेनाचं टोपण लावलं, खुर्चीत मागे रेलला आणि बाईंकडे असं बघितलं की कुणीही त्याच्या तोंडात मारावी.

"वाचा," तो म्हणाला. "माझी चिठ्ठी आणि हा पडदा. काही फरक दिसतो?"

बाई पुढे वाकल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, मामाच्या आकड्याच्या खालच्या ओळीवर. "आणि हे काय आहे? एकशे तीन?"

मामानं बघितलं. खरं तर तो आकडा तीन वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होता. लॉन्ड्रीतल्या काट्यावर निदान कागद चिकटवावा लागला होता. इथे त्याला तेवढेही कष्ट पडले नव्हते, त्याची नजरच ती ओळ गाळून खाली उतरायची. एकशे तीन. फरक पस्तीस अंशांचा.

"हॉटस्पॉट," भाची मागून म्हणाली. तिचा आवाज गोड झाला होता, आणि भाचीचा गोड आवाज म्हणजे समोरच्याची धडगत नाही. "मी कधीपासून सांगतेय, मामा. इथे गार खोलीत एकशे तीन. तिथे बारा यंत्रं आणि खोलीभर माणसं, म्हणजे एकशे दहा. मग कार्ड स्वतःला आवरणारच. पण तुम्हाला दुसरा आकडा म्हणजे थोतांड."

भाचीला आज तीन वर्षांचं उट्टं काढायचं होतं, आणि तिला त्याचा पुरेपूर अधिकार होता. पण मामा तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. साधा आकडा ठीक आणि एकच जागा पेटलेली, असं कशामुळे होईल?

"कार्ड उघड," तो म्हणाला.

"आता कशाला?"

"उघड म्हणतो ना!"

भाचीनं चार स्क्रू काढले आणि पट्टी उचलली. मामा वाकला. चिपच्या एका कोपऱ्यात पेस्ट सायीसारखी दाट राहिलेली, आणि समोरच्या कोपऱ्यात पुसून घेतल्यासारखी पातळ. पट्टी तिरकी बसली होती. एका अंगाला चिपला घट्ट, दुसऱ्या अंगाला अधांतरी. आणि जिथे अधांतरी तिथे एकशे तीन.

हे मामाला कुणी समजावायची गरज नव्हती. वाफेच्या नळाच्या जोडावर बोल्ट आवळायचा तर एक इथला आवळायचा, मग त्याच्या अगदी समोरचा, तोही थोडा थोडा. एकापाठोपाठ एक गोल आवळत गेलं की जोड एका बाजूला दबतो आणि दुसरीकडून वाफ सुटते. बावीस वर्षांत त्यानं यावरून किती नवशिक्यांचे वाभाडे काढले त्याची गणती नाही. ही पट्टी कुणीतरी घाईघाईत, एकापाठोपाठ एक, गोल आवळली होती. आणि दुकानात स्क्रूला हात लावायचा अधिकार फक्त एकाच माणसाला होता.

त्यानं मान वर केली. भाचीनंही पेस्टचा ठसा बघितला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. गोड आवाज कुठल्या कुठे गेला.

क्लबवाल्या बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांना पेस्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसांतलं कळत होतं. "मग चूक कुणाची?" त्यांनी विचारलं. "मला नाव हवंय. आज संध्याकाळी सगळे खेळाडू मला हेच विचारणार आहेत."

भाचीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

खोटं कशाला सांगू, मामाला बोलायचं होतं. शब्द जिभेवर तयार होते. 'बॉयलरवाल्याच्या हातातलं काम नाही' हे वाक्य तीन वर्षं त्याच्या छातीत सलत होतं आणि आज ते व्याजासकट परत करायची वेळ आली होती, तीही परक्या माणसादेखत. एक वाक्य पुरे होतं, आणि मग ही पोरगी आयुष्यभर मान वर करू शकली नसती. त्यानं तिच्याकडे बघितलं. चाळीस माणसांसमोर आपण कसे दिसलो असू हे त्याला आजवर माहीत नव्हतं. ते आता समोरच उभं होतं.

"चिठ्ठी कुणाची आहे?" तो बाईंवर खेकसला. "वाचता येतं ना तुम्हाला? खाली सही कुणाची आहे? मग मला कशाला विचारता? सांगा तुमच्या खेळाडूंना, म्हाताऱ्यानं अर्धंच मोजलं."

दोन दिवस क्लब बंद ठेवून बाराही कार्डं उघडली गेली. सात तिरकी निघाली. भाची आवळत होती आणि मामा तिच्या हातांकडे बघत उभा होता. दोघांत दोनच शब्द होते. "समोरचा," मामा म्हणायचा. ती समोरचा आवळायची. "आता त्याच्या समोरचा." हॉटस्पॉट एकशे तीनवरून ऐंशीवर आला. मामानं बारा नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीवर दुसरा आकडा पहिल्याहून मोठ्या अक्षरांत. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यानं खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली आणि खिळ्यावरचं थर्मामीटर काढून खिशात टाकलं.

"हे काय नाटक?" भाची म्हणाली.

"नाटक नाही. बोललो होतो."

"मला पाठीशी घालायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुला? पाठीशी? मी माझ्या चिठ्ठीचं बोललो."

"मग माझं का नाही बोललात? दिसलं होतं तुम्हाला. ठसा बघितल्या बघितल्या कळलं होतं."

"तू का नाही बोललीस?"

भाचीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर पडला. "कारण तुम्ही बोलाल याची खात्री होती मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "तुम्ही बोलला असतात ना, तर मी तुम्हाला त्याच पावली घालवलं असतं. आणि सुटले असते. आता काय करू मी तुमचं?"

मामानं दार आपटलं आणि तडक घर गाठलं.

पुढचे पाच दिवस मामी भाताचं पाणी लपवून घालत होती. सहाव्या दिवशी क्लबवाल्या बाईंचा फोन आला. "तुमची भाची आली होती माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "बाराही कॅबिनेटं उघडून तुमच्या चिठ्ठ्यांवर काहीतरी खरडून गेलीय. वाचू? 'आधीचे स्क्रू चुकीचे आवळले ते मी.' आणि खाली सही. काय चाललंय काय तुमच्या घरात?"

मामा चपला घालून निघाला तो थेट दुकानात. "माझ्या चिठ्ठीवर लिहायची हिंमत कशी झाली तुझी? एक खाडाखोड नाही माझ्या वहीत बावीस वर्षांत!"

"आता चिठ्ठी दोघांची आहे," भाची म्हणाली. तिनं मान वर केली नाही. तिच्यासमोर एक उघडं कार्ड होतं आणि पहिला स्क्रू अर्धा आवळून झाला होता. "मोजणाऱ्याचं नाव आणि आवळणाऱ्याचं नाव. पटत नसेल तर इथे थांबून भांडा. घरून भांडू नका."

"मी बसणार नाही."

"बसा म्हटलंय कुणी?"

मामानं खिशातून थर्मामीटर काढलं आणि खिळ्याला टांगलं. मग तो तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, या खेपेला तोंड तिच्याकडे करून. तिनं दुसऱ्या स्क्रूकडे हात नेला. "समोरचा!" तो गरजला.

"दिसतंय मला!" ती ओरडली, आणि समोरचा आवळला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मामा पूर्ण तासभर उभ्यानं मोजतो. गुडघे दुखतात, त्याचा राग तो गिऱ्हाइकांवर काढतो. भाचीनंही आपलं स्टूल काढून टाकलं; म्हाताऱ्यानं उभं राहायचं आणि आपण बसायचं हे तिला झेपेना, आणि तसं म्हणायला जीभ रेटेना. दिवसभर समोरासमोर उभी राहून दोघं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. ती खुर्ची अजून कोपऱ्यात आहे. मध्ये एकदा एक नवं गिऱ्हाईक, जिना चढून दमलेलं, न विचारता तिच्यावर टेकायला गेलं, आणि मामा-भाची दोघंही एकदम, एकाच सुरात, "उठा!" म्हणून ओरडली. दोघांचं एकमत झालेलं त्या दुकानानं तेवढं एकदाच पाहिलं आहे.